आधी ऊन होतं, कपडे नंतर उतरले

न्यूडिस्ट, म्हणजे हौसेने कपड्यांशिवाय राहणारे, म्हटलं की डोळ्यासमोर येतात ती बीचवर आडवी पडलेली, नखशिखांत एकसारखी रापलेली माणसं, त्यामुळे टॅन आणि नागडेपणा ही जोडी पहिल्यापासूनचीच असणार असं आपण धरूनच चालतो. मीही तसंच धरलं होतं. पण मागे जाऊन बघितलं तर सुरुवातीला रापणं हा मुद्दाच नव्हता, ऊन होतं ते औषध म्हणून, आणि तेही घड्याळ बघून घ्यायचं.

१८५० च्या दशकात आर्नोल्ड रिक्ली नावाचा एक स्विस माणूस ब्लेड तळ्याकाठी, म्हणजे आजच्या स्लोव्हेनियात, जाऊन राहिला. हा काही डॉक्टर नव्हता, घरचा धंदा कापड रंगवण्याचा. पाणी चांगलं, हवा त्याहून चांगली आणि प्रकाश सगळ्यात चांगला, असं त्याचं म्हणणं, आणि लोक त्याच्याकडे येऊन अनवाणी फिरायचे, कपडे काढून उन्हात पडायचे. तेव्हाच्या डॉक्टरांना तो भोंदू वाटायचा. मग १९०३ साली नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला नोबेल मिळालं, कातडीच्या क्षयावर प्रकाशाचे उपचार केले म्हणून, आणि उन्हाला एकदम विज्ञानाचा शिक्का मिळाला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडच्या लेझाँ गावात ऑगस्त रोलिए यांनी क्षयरोग्यांसाठी ऊन-उपचाराचं हॉस्पिटल सुरू केलं.

रोलिएंची पद्धत मला फार भारी वाटते. पहिल्या दिवशी फक्त पावलं उन्हात, तीही पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी पावलं थोडी जास्त वेळ आणि नडग्या पाच मिनिटं, असं करत करत बऱ्याच दिवसांनी सगळं अंग उघडं, आणि डोक्यावर टोपी कायम. आज पहिल्याच दिवशी दुपारी बारा वाजता तीन तास पालथं पडून रात्री पाठीला बर्फ लावणाऱ्यांनी हे वाचावं. १९१९ मध्ये बर्लिनला कुर्ट हुल्डशिन्स्कीने अतिनील दिव्याखाली बसवून मुलांचा मुडदूस बरा करून दाखवला, म्हणजे अंगाला ऊन लागलंच पाहिजे याला आणखी एक पुरावा मिळाला.

जर्मनीत जी नागड्या राहणीची चळवळ उभी राहिली, ज्याला ते फ्रायकोर्परकुल्टूर म्हणजे एफकेके म्हणतात, ती याच हवेत वाढली. धुराने काळवंडलेली शहरं, अंधाऱ्या खोल्या, पांढरीफटक पडलेली माणसं, आणि त्यावर उपाय काय तर कपडे काढा नि उजेडात या. म्हणूनच नावात सगळीकडे सूर्य. १९३१ मध्ये दुर्विल बंधूंनी, हे दोघंही डॉक्टर, फ्रान्सच्या लेव्हांट बेटावर नग्न राहणाऱ्यांची वस्ती वसवली, तिचं नाव हेलिओपोलिस, सूर्यनगरी. ब्रिटनमधल्या संघटनेचं नाव तेव्हा ब्रिटिश सन बेदिंग असोसिएशन, अमेरिकेतली अमेरिकन सनबेदिंग असोसिएशन. अर्थात 'नागडे' हा शब्द पाटीवर लिहायला लाज, हेही एक कारण असणारच.

आता गंमत बघा, ज्या काळात हे सगळं जोरात होतं त्याच काळात उलटं सांगणारेही होते. १८९४ मध्येच पाउल उन्ना या जर्मन त्वचातज्ञाने खलाशांची उन्हाने खराब झालेली कातडी बघून त्याचा कॅन्सरशी संबंध जोडला होता, १९२८ मध्ये जॉर्ज फिंडले यांनी अतिनील किरणांनी उंदरांना कातडीचा कॅन्सर होतो हे दाखवलं. पण ऐकतो कोण, कारण तोवर टॅन फॅशन झाला होता. आधी रापलेला म्हणजे शेतात राबणारा, आता रापलेला म्हणजे सुट्टी परवडणारा. १९२७ मध्ये झाँ पाटू या फ्रेंच फॅशन डिझायनरने टॅनिंगचं तेल बाजारात आणलं, १९३६ मध्ये फ्रान्समध्ये कामगारांना भरपगारी रजा मिळाली आणि त्याच सुमाराला लोरेआलचं आंब्र सोलेअर तेलही आलं. अशा तेलांनी भाजणं कमी व्हायचं पण रापणं नाही, म्हणजे माणूस आणखी जास्त वेळ उन्हात. मला विचाराल तर सगळा घोळ इथे झाला, रोलिएंची पाच मिनिटं गेली आणि बाटली आली. पुढे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं, क्षयाला उन्हाची गरज उरली नाही, पण रापायची हौस उरलीच.

न्यूडिस्टांमध्ये तर टॅन ही ओळखच झाली. अंगभर एक रंग म्हणजे जुना मेंबर, आणि ढुंगण पांढरं म्हणजे नवखा, इंग्रजीत अशांना सशाच्या शेपटीवरून कॉटनटेल म्हणून चिडवतात. त्या चिडवण्यापायी किती जणांनी पहिल्याच आठवड्यात नको ते भाजून घेतलं असेल कुणास ठाऊक.

एसपीएफ, म्हणजे सनस्क्रीन उन्हापासून किती वाचवतं ते सांगणारा आकडा, आला फ्रांट्स ग्राइटर या ऑस्ट्रियन माणसामुळे. हा १९३८ मध्ये पिझ बुइन शिखर चढताना चांगलाच भाजला होता, त्यातून पुढे क्रीम निघालं आणि १९७० च्या दशकात एसपीएफ सगळीकडे पोचला. पण हा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा, म्हणजे कातडी लाल करणाऱ्या किरणांचा, यूव्हीए त्यात नीट मोजला जात नाही, म्हणून ब्रॉड स्पेक्ट्रम असं वेगळं लिहावं लागतं. आणि तो आकडा मोजतात दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून, म्हणजे सगळ्या अंगाला साधारण ३५ मिलि, तेही एका वेळेला. कपडे घालणाऱ्याचं कमीत भागतं, न्यूडिस्टाचं नाही, २०० मिलिची बाटली सहा वेळा लावली की संपली. टॅनच मुळात संरक्षण आहे म्हणणारेही भेटतात, पण गडद टॅनचा एसपीएफ जेमतेम ३-४, आणि तो येतो तोच पेशींमधल्या डीएनएला इजा झाल्यावर.

न्यूडिस्टांच्या कामाची सगळ्यात मोठी गोष्ट मात्र बीचवरून आलीच नाही, आली सोरायसिसच्या, म्हणजे कातडीवर लाल, खवलेदार चट्टे येणाऱ्या आजाराच्या, रुग्णांकडून. त्यांना पुवा नावाचा उपचार देत, गोळी घ्यायची आणि यूव्हीएच्या दिव्यांमध्ये उघडं उभं राहायचं. १९९० मध्ये अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं की हा उपचार घेतलेल्या पुरुषांमध्ये जननेंद्रियाच्या कॅन्सरचं प्रमाण खूप वाढलंय, तेव्हापासून तो भाग झाकायला सांगतात. ऊन म्हणजे पुवा नव्हे हे खरं, पण ती कातडी नाजूक आहे एवढं त्यातून कळलंच. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने सूर्यकिरणांना थेट पहिल्या गटातलं, म्हणजे पक्का पुरावा असलेलं, कॅन्सरकारक ठरवलं, २००९ मध्ये टॅनिंगची मशिनंही त्याच गटात गेली, म्हणजे रेषा न पडता टॅन मिळवायची ती वाटही फार शहाणपणाची राहिली नाही.

मग ज्यांना रंग हवाच त्यांच्यासाठी डीएचए, तेच ते फेक टॅनमधलं, उन्हाशिवाय कातडी रंगवणारं रसायन. हेही अपघातानेच सापडलं, १९५० च्या दशकात सिनसिनाटीत आजारी मुलांना हे तोंडाने देत होते आणि जिथे सांडलं तिथे कातडी तपकिरी झाली. कातडीच्या वरच्या मेलेल्या थरालाच फक्त रंग येतो, संरक्षण जवळपास शून्य, त्यामुळे वरून सनस्क्रीन लागतंच.

आणि हो, ती अमेरिकन सनबेदिंग असोसिएशन. १९९५ मध्ये तिने नाव बदलून अमेरिकन असोसिएशन फॉर न्यूड रिक्रिएशन केलं. न्यूड शब्द पाटीवर आला, सन गेला.