प्रतिरूप संयुक्त राष्ट्रसभा : कार्यपद्धती आणि खानदेशातील उपयोजन

विद्यार्थ्यांनी निरनिराळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांच्या एखाद्या अंगाची बैठक भरविण्याचा शैक्षणिक उपक्रम. शाळा-महाविद्यालयांत तो ‘एमयूएन’ (मॉडेल युनायटेड नेशन्स) या आद्याक्षरांनीच ओळखला जातो. प्रतिनिधीला स्वतःचे मत नव्हे, तर नेमून दिलेल्या देशाची भूमिका मांडावी लागते. वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांपेक्षा तो वेगळा ठरतो तो इथेच. हजेरी, विषयपत्रिका, भाषणे, वाटाघाटी, ठरावाचा मसुदा, दुरुस्त्या आणि मतदान हा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो.

उगम : हा उपक्रम संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनेपूर्वीचा (१९४५) असून त्याआधीच्या राष्ट्रसंघाच्या (लीग ऑफ नेशन्स) सभेच्या अनुकरणातून तो निघाला, याविषयी दुमत नाही. पहिलेपणाचा मान कोणाचा, याबाबत मात्र एकवाक्यता आढळत नाही. ऑक्सफर्ड येथे १९२१ च्या सुमारास भरलेली विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय सभा काही जण आद्य मानतात. काही तो मान हार्व्हर्डमधील त्यानंतरच्या प्रतिरूप सभांना देतात. तर अनेक महाविद्यालयांना एकत्र आणणारी सिरॅक्यूज येथील सभा (सर्वसाधारणपणे १९२७) हाच खरा आरंभ, असेही सांगितले जाते. आजच्या नियमांची घडण पाहता अमेरिकन विद्यापीठांचा वाटा निर्णायक मानणे अधिक सयुक्तिक वाटते. अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य कधीच झाली नाही. जिनीव्हातील (राष्ट्रसंघाचे मुख्यालय) कामकाजाचा घरचा अनुभव नसलेल्या तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या परिचयाची सभापद्धती हाताशी घेतली असावी. ही पद्धती म्हणजे हेन्री मार्टिन रॉबर्ट या लष्करी अभियंत्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेली सभानियमावली. युरोपात हेग येथील १९६८ पासूनच्या प्रतिरूप परिषदेने शालेय पातळीवर निराळा प्रघात पाडला.

दोन नियमपरंपरा : या मिश्र जन्मामुळे विद्यार्थी ज्याला ‘संयुक्त राष्ट्रांचा नियम’ म्हणतात, तो पुष्कळदा तेथील नसतो. ‘मॉडरेटेड कॉकस’ म्हणजे अध्यक्षांच्या नियंत्रणाखालील छोट्या भाषणांची फेरी, तसेच उरलेला वेळ दुसऱ्या प्रतिनिधीला ‘यील्ड’ करणे, या गोष्टी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेच्या (जनरल असेंब्ली) नियमावलीत नाहीत. ‘कॉकस’ हा शब्दच अठराव्या शतकातील बॉस्टनच्या राजकारणातला. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जॉन ॲडम्स यांच्या १७६३ च्या रोजनिशीत तो येतो. त्याची व्युत्पत्ती अनिश्चित असून काही जण ती मूलनिवासी अल्गॉन्क्वियन भाषांत शोधतात.

चर्चा बंद करण्याच्या प्रस्तावाला अनेक परिषदांत दोन-तृतीयांश मते लागतात. तो रॉबर्ट यांचा दंडक. महासभेत (नियम ७५) विरोधात फक्त दोन वक्त्यांना बोलू देतात आणि लगेच साध्या बहुमताने निकाल लागतो.

सर्वाधिक घोटाळा ‘टेबल’ या शब्दाने होतो. आपल्या विधिमंडळात कागदपत्र ‘सभागृहाच्या पटलावर ठेवणे’ म्हणजे ते सभागृहापुढे आणणे. अमेरिकन वळणाच्या परिषदेत ठराव ‘टेबल’ करणे म्हणजे तो बाजूला सारणे. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ परस्परांच्या उलट आहेत आणि मुंबई-नागपूरचे अधिवेशन बातम्यांत पाहिलेला विद्यार्थी इथे हमखास फसतो. महासभेत त्यासाठी ‘चर्चेची तहकुबी’ (नियम ७४) आहे. तिच्या बाजूने दोघे व विरुद्ध दोघे बोलू शकतात. ‘टेबल’ऐवजी ‘तहकुबी’ हाच शब्द वापरणे श्रेयस्कर.

गणपूर्ती : महासभेची बैठक व चर्चा एक-तृतीयांश सदस्य उपस्थित असल्यास सुरू करता येते, निर्णयासाठी बहुसंख्य सदस्य लागतात. १९३ सदस्यांच्या हिशेबाने हे आकडे ६५ व ९७ होतात. महाराष्ट्रात ग्रामसभेची गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी कमी असेल ती, असते. नवख्यांना ही कल्पना त्या उदाहरणाने चटकन उमगते.

मतदान : ‘उपस्थित व मतदान करणारे सदस्य’ म्हणजे केवळ होकारार्थी वा नकारार्थी मत देणारे. तटस्थ राहणारे मोजणीत धरत नाहीत (नियम ८६). २१ मे १९९७ रोजी आंतरराष्ट्रीय जलप्रवाहांविषयीचा करार महासभेत १०३ विरुद्ध ३ मतांनी संमत झाला. २७ देश तटस्थ राहिले आणि त्यांत भारत होता. हिशेब १०६ मतांवर झाला, १३३ वर नव्हे. पुष्कळ विद्यार्थी-परिषदांत हजेरीच्या वेळी ‘उपस्थित व मतदान करणार’ असे म्हटलेल्या प्रतिनिधीला पुढे तटस्थ राहण्यास मनाई असते. हा नियम लावला, तर १९९७ मध्ये भारताने प्रत्यक्षात घेतलेली भूमिका भारताची पाटी धरलेल्या विद्यार्थ्याला घेताच येणार नाही. ज्या उपक्रमाचा हेतू देशाची खरी भूमिका समजणे हा आहे, त्यात हा नियम नसावा, हेच योग्य. समसमान मते पडल्यास संसदेत पीठासीन अधिकाऱ्याला निर्णायक मत असते. महासभेच्या समित्यांत तसे मत नाही, प्रस्ताव फेटाळला गेला असे धरतात. महासभेचे बहुसंख्य ठराव तर मतदानाविनाच, सहमतीने, संमत होतात. स्पर्धेच्या ईर्षेत ही बाजू मागे पडते.

ठरावाची भाषा : संपूर्ण ठराव एकच लांब वाक्य असतो. इंग्रजीत प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी क्रियावाचक शब्द येऊन तो तिरप्या अक्षरांत छापतात. मराठीत क्रियापद शेवटी जात असल्याने ‘स्मरून’, ‘लक्षात घेऊन’ आणि ‘आवाहन करते’, ‘विनंती करते’ हे शब्द परिच्छेदाच्या अखेरीस पडतात, तेव्हा ठळकपणाही तिथेच द्यावा लागतो. सूचक, अनुमोदक, उपसूचना, हरकतीचा मुद्दा, मतविभागणी हे शब्द मराठी सभाशास्त्रात रूढ आहेत. नवे घडविण्याची गरज नाही.

खानदेश : जळगाव, धुळे आणि नंदुरबार (१ जुलै १९९८ पासून स्वतंत्र जिल्हा) या टापूत हा उपक्रम मुख्यत्वे इंग्रजी माध्यमाच्या संस्थांतून आला. मराठी शाळांना युवा संसद अधिक जवळची. ठरावाच्या राजकारणाची स्मृती मात्र इथे जुनी आहे. यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली भरले व त्यात शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. काँग्रेसच्या अधिवेशनांत ठरावांचे मसुदे आधी विषय नियामक समितीत घासले जात व मग खुल्या अधिवेशनात येत. महासभेतील समिती आणि पूर्ण बैठक यांचे नाते समजावण्यास हा दाखला उपयोगी पडतो. वर उल्लेखिलेला जलप्रवाह करार देशादेशांतील नद्यांचा असला, तरी सामाईक नदीचा विषय इथे परका नाही. तापी मध्य प्रदेश, महाराष्ट्र व गुजरात या तीन राज्यांतून वाहते, आणि गुजरातेतील उकाई धरणाचे पाणी मागे नंदुरबार जिल्ह्यापर्यंत पसरते.

भाषेचा प्रश्न या भागात विशेष जाणवतो. घरी अहिराणी, तावडी, भिली वा पावरी बोलणारा विद्यार्थी इंग्रजीच्या धाकाने या सभेपासून दूर राहतो. महासभेच्या अधिकृत भाषा सहा आहेत, पण नियम ५३ नुसार कोणताही प्रतिनिधी अन्य भाषेत बोलू शकतो. मात्र अधिकृत भाषांपैकी एकीत दुभाष्याची सोय त्याने स्वतः करावी लागते. हिंदी अधिकृत भाषा नसतानाही परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी ४ ऑक्टोबर १९७७ रोजी महासभेत हिंदीतून बोलले. याच नियमाच्या आधारे खानदेशातील परिषदेत अहिराणीत वा पावरीत भाषण करता येते. शेजारी भाषांतर सांगणारा एक सहाध्यायी असला, की नियमाची अट पुरी होते.