नर्सरीतली ‘ट्रेनी’: शिकाऊ उमेदवार की कोर्सची इंटर्न?

दादर, पार्ले, कांदिवली, कुठल्याही नर्सरीत डोकावलं तर वर्गात साधारण तीन बायका दिसतात. एक टीचर, एक मावशी आणि तिसरी एक तरुण मुलगी. ती कधी मुलांना गोल बसवत असते, कधी डब्यांची घट्ट झाकणं उघडून देत असते, तर कधी भिंतीला टेकून वहीत काहीतरी लिहीत असते. ही कोण, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “ट्रेनी आहे.”

या उत्तरावर समाधान मानू नये. ट्रेनी म्हणून उभी असलेली मुलगी दोन अगदी वेगळ्या वाटांनी तिथे आलेली असू शकते. एक वाट कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची. दुसरी एखाद्या कोर्सचा भाग म्हणून करायच्या इंटर्नशिपची. वर्गात दोघी तेच करताना दिसतात, नाक पुसणं, गाणी म्हणणं, चपला जोडीने लावून घेणं. पैसे कोण कोणाला देतं आणि शिकवायची जबाबदारी कोणावर आहे, हे विचारलं की फरक उघडा पडतो.

आधी इंटर्नशिप, कारण मुंबईत तीच जास्त दिसते. बारावी झालेली मुलगी, किंवा स्वतःची मुलं शाळेला लागल्यावर काहीतरी करावं म्हणणारी आई, माँटेसरीचा नाहीतर ईसीसीईचा, म्हणजे शाळेआधीच्या वयातल्या मुलांचं संगोपन आणि शिक्षण यांचा, कोर्स लावते. फी ती भरते. बालविकास, पाठ-नियोजन, शैक्षणिक साधनं वगैरे वर्गात शिकते आणि मग संस्था तिला काही आठवडे एखाद्या नर्सरीत पाठवते. नर्सरीच्या दृष्टीने ती पाहुणी असते. निरीक्षणं लिहायची, ठरलेले पाठ घ्यायचे, फाइलवर सही-शिक्का घ्यायचा आणि परत. तिला शिकवायची जबाबदारी कोर्स चालवणाऱ्या संस्थेची. नर्सरीने तिला काही द्यायचं ठरलेलं नसतं. कुठे जाण्यायेण्याचा खर्च मिळतो, कुठे नुसता चहा.

शिकाऊ उमेदवारीत पैशाची दिशाच उलटी. इथे उमेदवार फी भरत नाही, तिला विद्यावेतन मिळतं. मागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम आहे. हा कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लेथ मशीन, रेल्वेचं वर्कशॉप आणि आयटीआयची मुलं येतात, पण २०१४ च्या दुरुस्तीनंतर सेवाक्षेत्रातल्या कामांनाही वाट मोकळी झाली. नर्सरी आणि उमेदवार यांच्यात लेखी करार होतो आणि तो सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदवला जातो. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर पालक सही करतात. कायद्यात ‘ऐच्छिक’ (ऑप्शनल ट्रेड) म्हटलेल्या अशा उमेदवारीची मुदत सहा महिने ते तीन वर्षं. २०१९ च्या नियमांत विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणाप्रमाणे ५,००० ते ९,००० रुपये ठेवली होती, बारावी झालेल्यांना ७,०००. शिवाय दुसऱ्या वर्षी दहा टक्के आणि तिसऱ्या वर्षी पंधरा टक्के वाढ. हे आकडे बदलतात, म्हणून सही करायच्या दिवशी पोर्टलवर चालू दर बघून घ्यावा. यातला काही भार केंद्र सरकार उचलतं. २०१६ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाच्या पंचवीस टक्के, पण महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देतं आणि २०२३ पासून हा वाटा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होतो.

विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे, हे आईवडिलांना समजावताना पुष्कळ वेळ जातो. कायद्याने शिकाऊ उमेदवार ही कामगार नाही, प्रशिक्षणार्थी आहे. त्यामुळे पीएफ नाही, ईएसआय नाही. मुदत संपल्यावर नर्सरीने तिला नोकरीवर घ्यायलाच हवं असंही नाही. पण शिकताना, कामावर असताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर येते. करार मधेच मोडला तर ज्याच्या चुकीने मोडला त्याने भरपाई द्यायची, ही तरतूद दोन्ही बाजूंना लागू आहे, म्हणजे उमेदवारालाही. लग्न ठरलं म्हणून उद्यापासून येत नाही, असं सांगून सुटता येत नाही.

आता अडचण. ज्या आस्थापनेत तीस किंवा जास्त माणसं काम करतात तिला शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक. चार ते एकोणतीस असतील तर मर्जीचा मामला. त्याहून कमी असतील तर ही योजना त्यांच्यासाठी नाही. मुंबईतली पाळणाघरं डोळ्यांसमोर आणा. गिरगावात, लालबागला, मुलुंडला एखाद्या काकूंनी घरच्याच दोन खोल्यांत चालवलेली, मदतीला एक बाई. या काकूंकडे जे शिकायला मिळेल ते कुठल्याही वर्गात मिळणार नाही, पण कायद्याच्या अर्थाने त्या शिकाऊ उमेदवार ठेवू शकत नाहीत. नोंदणीकृत उमेदवारी मिळायची ती मोठ्या साखळी नर्सऱ्यांत किंवा अनेक शाखा असलेल्या संस्थांत. ऑफिसांसाठी पाळणाघरं चालवणाऱ्या कंपन्यांकडेही विचारून बघावं. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय करायला लावली, त्यामुळे बीकेसी, पवई, अंधेरी पूर्व या भागांत अशी पाळणाघरं सापडतात.

शिकायला काय मिळतं, हा मला यातला सगळ्यात महत्त्वाचा फरक वाटतो. कोर्सची मुलगी ‘का’ शिकून येते. माँटेसरी साधनांतल्या गुलाबी मनोऱ्याचे ठोकळे एकाच रंगाचे का, दोन वर्षांचं मूल खेळणं दुसऱ्याला का देत नाही, पेन्सिल हातात देण्याआधी मातीकाम का, हे तिला सांगता येतं. तिची निरीक्षणवही शिकाऊ उमेदवाराच्या वहीपेक्षा चांगली असते. नवखी मुलगी लिहिते, “अद्वैत फार हट्टी आहे.” कोर्समध्ये घासून आलेली लिहिते, “अद्वैतने लाल गाडी मागितली. दुसऱ्या मुलाने दिली नाही. अद्वैत जमिनीवर बसला, दोन मिनिटं रडला, मग स्वतः उठून ठोकळ्यांकडे गेला.” पहिल्या वाक्याने मुलावर शिक्का बसतो. दुसऱ्यात मूल दिसतं.

शिकाऊ उमेदवाराला मिळतो तो सलग सहवास. नर्सरीतलं पुष्कळसं काम फक्त रोज तिथे असण्याने कळतं. सकाळच्या निरोपाचंच बघा. आईला लोकल गाठायची असते, मूल मांडीला चिकटलेलं असतं, आणि आई बघून न बघितल्यासारखं करून हळूच सटकते. अनुभवी ताई तिला तसं करू देत नाहीत. आईने मुलाला सांगून, टाटा करून, लगेच निघायचं. दारात रेंगाळायचं नाही आणि लपूनही जायचं नाही. मूल रडतं, ताई त्याला कडेवर घेऊन खिडकीशी नेतात, काही बोलत नाहीत. दुसऱ्या आठवड्यात रडणं कमी होतं, एखादी मोठी सुट्टी गेली की पुन्हा पहिल्यासारखं. हे चक्र शिकाऊ उमेदवार पहिल्यापासून शेवटपर्यंत बघते. इंटर्न नेमकी अशा वेळी निघून जाते जेव्हा मूल तिच्या मांडीवर बसायला लागलेलं असतं. मुलांच्या बाजूने पाहिलं तर आठवड्याआठवड्यांनी बदलणाऱ्या इंटर्न हा मला फार बरा प्रकार वाटत नाही, विशेषतः तीन वर्षांखालच्या मुलांसाठी. त्यांना माणूस तोच लागतो. लंगोट बदलण्याआधी हात धुवायचे आणि नंतरही धुवायचे, वेळ तक्त्यात लिहायची, झोपलेल्या बाळाच्या तोंडावर पांघरूण आलेलं नाही ना हे वाकून बघायचं, ही कामं कागदावर चार ओळींत संपतात. हाताला वळण लागायला मात्र महिने जातात.

आपल्याकडे ही गोष्ट नवीन नाही, कागद नवीन आहे. बालशिक्षणात नाव झालेल्या अनुताई वाघ आधीच शिक्षिका होत्या, पण बालवाडीचं काम त्या १९४५ पासून बोर्डीला बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांच्या हाताखाली शिकल्या. स्वतः ताराबाईंनी ते भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात काम करताना उचललं होतं.

या दोन वाटांच्या मधोमध एक तिसरा प्रकार बोकाळलाय, आणि सगळा घोळ तिथे आहे. “सहा महिने ट्रेनिंग, मग बघू” असं तोंडी सांगतात. पोर्टलवर करार नाही, मागे कोर्स नाही, महिन्याला हातावर तीन-चार हजार रोख. ती मुलगी पहिल्या आठवड्यापासून एकटी वर्ग सांभाळते, सुट्टीवर गेलेल्या टीचरच्या जागी उभी राहते, सणाच्या सजावटीला संध्याकाळी सातपर्यंत थांबते. ही उमेदवारी नाही आणि इंटर्नशिपही नाही. ही कमी पगाराची नोकरी आहे, आणि नोकरी म्हटली की किमान वेतन आलं. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही उद्या आला नाहीत तर वर्ग चालेल का? चालत नसेल, तर तुम्हाला शिकाऊ म्हणून घेतलेलंच नाही.

ही कसोटी मुलांच्या संख्येशी बांधलेली आहे. भारताच्या २०१३ च्या बालसंगोपन आणि शिक्षण धोरणात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक मोठं माणूस आणि तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक, असं प्रमाण दिलंय. शिकणारीला या मोजणीत धरायचं की नाही? माझं मत, निदान सुरुवातीला तरी धरू नये. इंग्लंडमध्ये सोळा वर्षांवरची अप्रेंटिस सक्षम आणि जबाबदार आहे अशी नर्सरीची खात्री असेल तर तिला मोजणीत धरता येतं. पण तिथे दोन वर्षांखालच्या तीन मुलांमागे एक माणूस लागतं, शिवाय नियमित तपासणी होते. ती मुभा तेवढी उचलायची आणि बाकीचं तिथेच ठेवायचं, हे आपल्याकडे होऊ नये. मुलाखतीला गेलात तर सरळ विचारा: वर्गात मुलं किती आणि मला सोडून मोठी माणसं किती?

सुरक्षेच्या बाबतीत मात्र दोघींमध्ये फरक नाही. पोलीस पडताळणी मागितली तर वाईट वाटून घेऊ नये. न मागणाऱ्या नर्सरीबद्दलच शंका घ्यावी. शिकणाऱ्या मुलीने एकटीने मुलाला शौचालयात नेऊ नये, दार बंद करू नये. मुलाच्या अंगावर खुणा दिसल्या, मूल काही बोललं, तर ते दाबून ठेवायचं नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यातलं लैंगिक गुन्ह्याची माहिती देण्याचं कर्तव्य प्रत्येक व्यक्तीवर आहे. मी तर इंटर्न, मला काय करायचंय, ही पळवाट त्यात नाही.

प्रमाणपत्राचं म्हणाल तर इंटर्नला ते कोर्सची संस्था देते, आणि त्याची किंमत त्या संस्थेच्या नावाइतकीच. एसएनडीटी किंवा निर्मला निकेतनसारख्या महाविद्यालयांत मानवविकास शिकून आलेली मुलगी आणि चार महिन्यांच्या ‘नोकरीची हमी’वाल्या वर्गातून आलेली मुलगी, दोघींच्या कागदावर बालशिक्षण लिहिलेलं असलं तरी मुख्याध्यापिका ते वेगळं वाचतात. शिकाऊ उमेदवाराची शेवटी परीक्षा होते आणि राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. ते देशभर चालतं, पण ते शिक्षक-पदविकेच्या जागी चालत नाही. पुढे मोठ्या शाळेच्या पूर्वप्राथमिक विभागात जायचं असेल तर पदविका लागेलच.

फी भरायची ऐपत नसेल आणि घरात महिन्याला काही आणणं भाग असेल तर आधी उमेदवारी, मग त्याच अनुभवावर पदविका, हा क्रम मला जास्त पटतो. उलट क्रमाने जाणाऱ्या मुली फाइल सुंदर करतात आणि पहिल्या उलटीला दचकतात. पण फी भरण्याची सोय आहे, वय पस्तिशीचं आहे, स्वतःची दोन मुलं वाढवून झालीत, तर महिनोन्महिने उमेदवारी करण्यात अर्थ नाही. चांगला कोर्स करावा आणि इंटर्नशिपची जागा मात्र स्वतः फिरून निवडावी. करार हातात पडला तर त्यावरचा पोर्टलचा नोंदणी क्रमांक तपासा, आणि विद्यावेतनातला नर्सरीचा वाटाही रोख न घेता खात्यातच घ्या.