13 ऑक्टोबर आणि खंडव्याचे थोरले गांगुली

दरवर्षी 4 ऑगस्टला आणि 13 ऑक्टोबरला खंडव्यात किशोरकुमारांच्या समाधीपाशी चाहते जमतात, गाणी म्हणतात, दूध-जिलेबीचा नैवेद्य दाखवतात. भुसावळहून खंडवा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. रावेर सोडलं की बऱ्हाणपूर, मग असीरगडाच्या अंगाने निमाड. त्यामुळे आपल्या खान्देशातल्या रसिकांना ही वारी काही लांबची नाही. 13 ऑक्टोबर ही किशोरदांची पुण्यतिथी, हे सगळ्यांना पाठ असतं. त्याच तारखेला त्यांच्या थोरल्या भावाचा, म्हणजे नट अशोककुमारांचा जन्म झाला होता, हे मात्र सांगावं लागतं. 1987 साली धाकटा भाऊ नेमका थोरल्याच्या वाढदिवशी गेला, तेव्हापासून अशोककुमारांनी वाढदिवस साजरा करणं सोडलं. लोकांनीही मग त्या तारखेचा दुसरा अर्थ सोडूनच दिला.

खंडवा खान्देशात नाही, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर निमाडवाले रागावतील. पण जुन्या खान्देशाची हद्द आजच्या जिल्ह्यांच्या नकाशावर मोजून चालत नाही. फारुकी सुलतानांची राजधानी बऱ्हाणपूर होती आणि 1601 मध्ये अकबराने असीरगड घेतला तेव्हा खान्देशाचं राज्य संपलं. पुढे इंग्रजांच्या काळात बऱ्हाणपूर-खंडवा मध्य प्रांतात गेले आणि जळगाव-धुळे मुंबई इलाख्यात राहिले. सरकारी हद्दीने तोडलेला हा मुलूख रेल्वेने पुन्हा जोडला. मुंबई-भुसावळ-खंडवा-जबलपूर हा मार्ग 1870 मध्ये पूर्ण झाला आणि मुंबई-कलकत्ता प्रवास त्यावरून होऊ लागला. एका बंगाली वकिलाचं बिऱ्हाड खंडव्यात स्थिरावणं आणि त्याच्या मुलाने मुंबईची गाडी पकडणं, या दोन्ही गोष्टींत त्या काळी फारसं नवल नव्हतं ते यामुळेच.

त्या वकिलांचं नाव कुंजलाल गांगुली. थोरला मुलगा कुमुदलाल 1911 मध्ये आजोळी, भागलपूरला जन्मला, पण वाढला खंडव्यात. मुलाने वकील व्हावं म्हणून वडिलांनी कलकत्त्याला कायदा शिकायला पाठवलं. पोराचं लक्ष तिथे लागलं नाही. बहीण सतीदेवीचे यजमान शशधर मुखर्जी मुंबईत, मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये नोकरीला होते. मेहुण्याच्या ओळखीने कुमुदलाल तिथे चिकटला, तोही नट म्हणून नव्हे. फिल्म धुण्याच्या प्रयोगशाळेतला मदतनीस, एवढीच त्याची नोकरी होती आणि तिच्यावर तो खूष होता.

बॉम्बे टॉकीज ही त्या काळातली वेगळीच संस्था. हिमांशु राय आणि देविका राणी यांनी 1934 मध्ये ती उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन जर्मन, छायालेखक योसेफ विर्शिंग जर्मन, आणि कामाची शिस्तही जवळपास तशीच. ‘जीवन नैया’च्या वेळी नायक नजमुल हसन आणि देविका राणी पळून कलकत्त्याला गेले. शशधरांनी मध्यस्थी करून देविका राणींना परत आणलं. नायकाला अर्थातच कामावरून काढलं. आता पडद्यावर उभं कुणाला करायचं? हिमांशु रायांनी प्रयोगशाळेतल्या पोराकडे बोट दाखवलं. ऑस्टेनना त्याचा जबडा पसंत नव्हता, तसं त्यांनी तोंडावर सांगितलंही. राय ऐकले नाहीत. कुमुदलालचा अशोककुमार झाला तो असा. मालकीणबाईंच्या गळ्यात हार घालायच्या प्रसंगात आपले हात कसे थरथरत होते, हे ते पुढे म्हातारपणीही हसत सांगत. खंडव्याला मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मुलगा सिनेमात गेला म्हणून ठरलेलं लग्न मोडलं.

त्याच वर्षी, 1936 मध्ये, ‘अछूत कन्या’ आला. आपल्याकडच्या रेल्वेच्या माणसाने तो एकदा पाहावाच. नायिका कस्तुरी ही फाटकावरच्या गेटमनची मुलगी. नायक प्रताप हा गावातल्या ब्राह्मण दुकानदाराचा. सगळी कथा त्या फाटकाभोवती फिरते आणि शेवटी रुळांवर चाललेली मारामारी थांबवण्यासाठी, धावती गाडी अडवायला गेलेली कस्तुरी त्या गाडीखाली जाते. याच वर्षाच्या डिसेंबरात आपल्या फैजपूरला काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन भरलं होतं आणि त्यासाठी साने गुरुजींसारखी माणसं गावोगाव राबली होती. अस्पृश्यता हा तेव्हा सभेत आणि घरात, दोन्हीकडे भांडणाचा विषय होता. चित्रपट त्यावर उत्तर देत नाही, नायिकेला मारून मोकळा होतो, ही माझी त्याच्याबद्दलची जुनी तक्रार आहे. पण हा प्रश्न एका मोठ्या कंपनीने, मोठ्या नायिकेला घेऊन मांडला, हेही तेवढंच खरं.

अशोककुमार या चित्रपटात बुजलेले दिसतात. गाणं स्वतःच्या आवाजात म्हणतात, तेही जरा घाबरतच. खरा नट घडला तो पुढच्या चार-पाच वर्षांत, आणि त्यात एका मराठी बाईंचा वाटा आहे. लीला चिटणीस मराठी रंगभूमीवरून आलेल्या. ‘कंगन’, ‘बंधन’ आणि ‘झूला’ या लागोपाठच्या तीन चित्रपटांत दोघे एकत्र होते. डोळ्यांनी बोलायचं कसं हे आपण लीलाबाईंकडून शिकलो, असं अशोककुमार सांगत.

ते का महत्त्वाचं होतं, हे कळायला त्या काळचा प्रेक्षक डोळ्यांपुढे आणावा लागतो. आपल्याकडचा प्रेक्षक संगीत नाटकावर पोसलेला. बालगंधर्वांचं बालपण काही काळ जळगावात गेलेलं, त्यामुळे त्या नाटकाचा अभिमान तर घरचाच. नटाने वाक्य फेकायचं आणि ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायचं, ही त्याची चांगल्या अभिनयाची व्याख्या. मायक्रोफोन आल्यावर शेवटची रांग उरलीच नाही, हे फार थोड्या नटांच्या ध्यानात आलं. अशोककुमारांना नाटकाची सवयच नव्हती, म्हणून मोडायचंही काही नव्हतं. ते समोरच्याशी बोलतात तेवढ्याच आवाजात कॅमेऱ्यापुढे बोलू लागले.

1943 च्या सुरुवातीला आलेल्या ‘किस्मत’मध्ये हे स्पष्ट दिसतं. दिग्दर्शक ज्ञान मुखर्जी. नायक शेखर हा खिसेकापू. तुरुंगातून सुटतो, आणि सुटल्या सुटल्या दुसऱ्या एका खिसेकापूने मारलेलं घड्याळ त्याच्याच खिशातून उडवतो. बोटांत सिगारेट, चेहऱ्यावर मिश्कील शांतपणा, पश्चात्तापाचं एक वाक्य नाही. धुतल्या तांदळासारखा नायक पाहायची सवय असलेल्या लोकांनी या चोराला डोक्यावर घेतलं. कलकत्त्याच्या रॉक्सी सिनेमात हा चित्रपट तीन वर्षांहून जास्त चालला.

त्यातलं कवी प्रदीप यांचं ‘दूर हटो’ हे गाणं वरवर जर्मनी-जपानविरुद्ध होतं, म्हणून सेन्सॉरमधून सुटलं. प्रेक्षकांना कुणाला हटवायचं ते वेगळं सांगावं लागलं नाही. आपल्या भागात तर नंदुरबारला बाल शिरीषकुमार आणि त्याचे सोबती 9 सप्टेंबर 1942 रोजी गोळीबारात पडले होते. त्या घटनेला जेमतेम चार महिने झालेले असताना हा चित्रपट प्रदर्शित झाला. खान्देशातल्या टॉकीजमध्ये ते गाणं कोणत्या कानांनी ऐकलं गेलं असेल, याची कल्पना यावरून करावी.

पुढचा काळ धावपळीचा. हिमांशु राय 1940 मध्ये वारले, कंपनीत तट पडले. शशधर मुखर्जी आणि अशोककुमार बाहेर पडले आणि फिल्मिस्तान ही नवी कंपनी उभी राहिली. काही वर्षांनी अशोककुमार पुन्हा बॉम्बे टॉकीजमध्ये आले, ते कारभार सांभाळायला. 1948 च्या ‘जिद्दी’त देव आनंद यांना मोठी संधी मिळाली आणि धाकट्या किशोरला पहिलं गाणं. 1949 च्या ‘महल’मधून मधुबाला आणि लता मंगेशकर घराघरांत पोचल्या. एवढी माणसं पुढे आणणाऱ्याची गणना आपण नुसती नटांत करतो, हे मला अपुरं वाटतं.

फाळणीच्या दंगलींतला एक प्रसंग उर्दू लेखक सआदत हसन मंटो यांनी लिहून ठेवला आहे. दोघे स्टुडिओतले मित्र. अशोककुमार गाडीने मंटोंना घरी सोडायला निघाले आणि मुसलमान वस्तीतल्या रस्त्यावर शिरले. समोरून वरात आली. अशोककुमारांच्या काळजीने मंटोंचा जीव टांगणीला. लोकांनी गाडीतला चेहरा ओळखला, नावाचा पुकारा झाला आणि पाठोपाठ सूचना आली, ती एवढीच की या रस्त्याने पुढे वाट नाही, बाजूच्या गल्लीने जा. अशोककुमार म्हणे सगळा वेळ निवांत होते.

पन्नाशीकडे झुकल्यावर नायकाची खुर्ची घट्ट धरून बसणारे नट पुष्कळ. त्यांनी ती सहज सोडली. 1958 च्या ‘चलती का नाम गाडी’त अशोक, अनूप आणि किशोर हे तिघे भाऊ एकत्र आले आणि त्यात थोरल्याने थोरल्याचंच काम केलं. 1960 च्या ‘कानून’मध्ये एकही गाणं नाही, तरी न्यायाधीशाच्या भूमिकेत ते चित्रपट तोलून धरतात. ‘बंदिनी’, ‘गुमराह’, ‘ज्वेल थीफ’ ही सगळी नंतरची कामं. ‘आशीर्वाद’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातलं रेलगाडीचं गाणं म्हणजे स्टेशनांच्या नावांची धावती यादी. तिच्यात खंडवाही येतं आणि मालेगावही. मालेगाव 1869 पर्यंत खान्देश जिल्ह्यातच होतं, म्हणजे आपला हक्क तिथेही पोचतो.

1988 चा दादासाहेब फाळके पुरस्कार, 1999 मध्ये पद्मभूषण. मानसन्मान यथास्थित झाले. फावल्या वेळात ते चित्रं काढत, होमिओपॅथीची औषधं देत. 10 डिसेंबर 2001 रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्याआधी, 1984 मध्ये दूरदर्शनवर ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली, तेव्हा भागाच्या शेवटी चष्मा लावून दोन शब्द सांगणारे आजोबा म्हणून ते नव्या पिढीच्या घरात आले. त्या पिढीतल्या कुणाला ‘किस्मत’ लावून दाखवावा. हा खिसेकापू तेच आजोबा आहेत, हे पटायला अर्धा चित्रपट जातो.