सत्यशोधक विवाह

पुरोहित, मुहूर्त, होम आणि कन्यादान यांना फाटा देऊन वधूवरांनी एकमेकांना दिलेल्या वचनांवर लागणारे लग्न म्हणजे सत्यशोधक विवाह. जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन केला आणि अवघ्या तीन महिन्यांत असे पहिले लग्न लागले. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात प्रबोधनाची भाषणे आणि निबंध पुष्कळ झाले. त्यातले किती स्वतःच्या घरात शिरले, हा प्रश्न मात्र लग्नाच्या मांडवात टाळता येत नसे, कारण तिथे भावकी आणि गाव दोन्ही समोर बसलेले असत.

आरंभ आणि विरोध

पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा निंबणकर यांचा झाला. राधा ही सावित्रीबाई फुले यांच्या मैत्रिणीची मुलगी. या लग्नाची सगळी तजवीज सावित्रीबाईंनी केली आणि खर्च जवळपास पानसुपारीपुरताच आला. या पद्धतीचा दुसरा विवाह ७ मे १८७४ रोजी ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांचा झाला, तोवर विरोध चांगलाच तापला होता. पुढे ४ फेब्रुवारी १८८९ रोजी फुले दांपत्याचा दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न ससाणे यांच्याच मुलीशी याच पद्धतीने लागले.

विरोधाला धर्माइतकाच पैशाचाही आधार होता. गावजोशी हा वतनदार. यजमानाने बोलावो वा न बोलावो, गावातल्या लग्नाची दक्षिणा आपल्याला मिळालीच पाहिजे असा त्याचा दावा असे, आणि इंग्रजी न्यायालये हा दावा मालमत्तेच्या हक्कासारखा ऐकून घेत. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी जोशाला वगळले, तेव्हा तो वाद मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. न बोलावलेल्या पुरोहिताचा मोबदला मागण्याचा हक्क मुंबई इलाख्यात कायद्याने रद्द व्हायला १९२६ साल उजाडले. सीताराम केशव बोले यांनी लावून धरलेले ते ‘जोशी बिल’.

कोल्हापुरात १९११ मध्ये समाजाची शाखा निघाली आणि शाहू महाराजांच्या पाठबळाने ब्राह्मणेतर पुरोहित तयार होऊ लागले. भास्करराव जाधव यांचे ‘घरचा पुरोहित’ हे पुस्तक याच गरजेतून आले. या दोन प्रवाहांची अनेकदा गल्लत होते. भटजींच्या जागी स्वजातीचा पुरोहित बसवणे वेगळे आणि पुरोहिताची जागाच रद्द करणे वेगळे. फुल्यांचा रोख ही जागाच रद्द करण्यावर होता.

मंगलाष्टके

या पद्धतीचा गाभा म्हणजे फुल्यांनी रचलेली मंगलाष्टके. १८८७ साली त्यांनी ती इतर पूजाविधींसह पुस्तिकेच्या रूपाने छापली. नेहमीच्या मंगलाष्टकांत देव, नद्या आणि ऋषी यांना साकडे घातलेले असते आणि वधूवर गप्प उभे असतात. इथे तेच बोलतात. वर वधूच्या कुळाचे आणि सत्यप्रियतेचे कौतुक करतो. वधू त्यावर लगेच विरघळत नाही. स्वातंत्र्याचा अनुभव म्हणजे काय याची बायकांना ओळखच झालेली नाही, असे ती भर मांडवात सुनावते आणि हक्काची हमी मागते. वर स्त्रियांच्या अधिकारांसाठी झटण्याचे आणि परस्त्रीला बहीण मानण्याचे वचन देतो. शेवटच्या कडव्यात जमलेल्यांना कामे सांगितली आहेत: आईवडिलांचे आणि मित्रांचे आभार माना, वृद्धांना व पंगूंना साहाय्य करा, मुलामुलींना विद्या शिकवा, आणि आता फुले उधळून टाळी वाजवा. ‘सावधान’च्या जागी टाळी येते आणि तांदळाच्या अक्षतांच्या जागी फुले.

वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे नेहमीच्याच मंगलाष्टकांचे: ओळीत १९ अक्षरे, बाराव्या अक्षरावर यती, म्हणजे विराम. त्यामुळे ज्याला रूढ मंगलाष्टके म्हणता येतात त्याला हीसुद्धा त्याच चालीत म्हणता येतात. चाल कानाला ओळखीची, मजकूर नवा, ही योजना हुशारीची होती. मंडळी बिचकत नसत आणि शब्द मात्र कानावर पडत.

आजचा क्रम

ठिकाणपरत्वे फरक पडतो, पण सर्वसाधारण क्रम असा. जोतीराव-सावित्रीबाईंच्या प्रतिमांना हार घालून सुरुवात होते. फुल्यांचे एखाद-दोन अखंड, म्हणजे त्यांची अभंगासारखी पद्ये, म्हटले जातात. विधी चालवणारी व्यक्ती, स्त्री किंवा पुरुष, कोणत्याही जातीची, पद्धतीची ओळख चार-पाच मिनिटांत करून देते. दोघांची संमती सर्वांसमोर विचारली जाते. मग मंगलाष्टके, एकमेकांना हार, फुलांचा वर्षाव आणि शपथ. शेवटी दोघांच्या व साक्षीदारांच्या सह्या. कुठे संविधानाची उद्देशिका वाचतात, कुठे आहेराऐवजी पुस्तके घेतात. मंगळसूत्राबाबत एकवाक्यता नाही. काही ठिकाणी घालतात, काही ठिकाणी नाही. सगळे मिळून अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे.

फसते ते बहुधा तयारीअभावी. सर्वात मोठी चूक म्हणजे वधूची कडवी तिने स्वतः न म्हणता भाड्याने आणलेल्या गायकाने म्हणणे. मग संवाद उरत नाही, नुसते गाणे होते. जुनी भाषा आणि जोडाक्षरे यांमुळे पहिल्या वाचनात जीभ अडखळते, म्हणून दोघांनी आठवडाभर आधीपासून मोठ्याने सराव करावा आणि ठळक टाइपातली प्रत हातात ठेवावी. गाता येत नसेल तर सरळ वाचावे. माइक दोन हवेत. एकच माइक इकडून तिकडे फिरला की ओळी तुटतात. कार्यालयाचे लोक सवयीने अक्षतांच्या पुड्या वाटून मोकळे होतात, तेव्हा त्यांना आदल्या दिवशीच सांगून पाकळ्यांच्या परड्या भराव्यात. शंभर माणसांना दोन-अडीच किलो सुटी फुले पुरतात. झेंडूच्या पाकळ्या आदल्या रात्री खुडून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या तर सकाळी काळ्या पडतात.

आणखी एक पळवाट नेहमीची आहे: सकाळी घरात भटजींच्या हस्ते ‘थोडक्यात’ सगळे उरकायचे आणि संध्याकाळी स्टेजवर सत्यशोधक विवाह करायचा. घरातल्या ज्येष्ठांची समजूत निघते हे खरे, पण मग दुसरा कार्यक्रम निव्वळ सत्काराचा होतो. भटजी टाळले, पण वधूने हक्कांची हमी मागण्याचा भागच गाळला, असेही पुष्कळ ठिकाणी दिसते. ही तडजोड पहिल्याहून वाईट.

कायद्याची बाजू

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे लग्न दोघांपैकी एकाच्या रूढ विधींनी लागावे लागते. भाऊराव शंकर लोखंडे प्रकरणात १९६५ साली सर्वोच्च न्यायालयाने, आवश्यक विधी सिद्ध न झाल्याने दुसरे लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच ठरत नाही, असे म्हटले. द्विभार्येचा आरोप त्यामुळे टिकला नाही. अशा निकालांचा फटका बहुधा बाईला बसतो. तमिळनाडूने पुरोहिताशिवाय लागणाऱ्या स्वाभिमान विवाहांसाठी १९६७ मध्ये कलम ७-अ घालून ही अडचण दूर केली. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती नाही. स्थानिक नोंदणीचा दाखला हाती असला की झाले, हा समजही धोक्याचा. विधीच झाला नसेल तर नुसत्या दाखल्याने हिंदू विवाह वैध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केले.

म्हणून विशेष विवाह कायदा, १९५४ हा रस्ता निर्धोक आहे. दोघांपैकी एकाचे त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य लागते. नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झाले नाही तर ती नव्याने द्यावी लागते. दोघेही हिंदू असतील तर वारसाहक्क बदलत नाही; १९७६ च्या दुरुस्तीने ती भीती संपवली. याच कायद्याचे कलम १२ दोघांना पसंत असेल त्या कोणत्याही स्वरूपात लग्न लावू देते. अट इतकीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांचा स्वीकार ठरलेल्या शब्दांत उच्चारावा. जादा शुल्क भरून अधिकाऱ्याला वाजवी अंतरातल्या मांडवात बोलावता येते. तेव्हा शपथेच्या जागीच हे वाक्य म्हणवून घेतले की विधी आणि कायदा एकाच बैठकीत पुरे होतात.