चांगल्या कामाबद्दल कोणी लिहीत का नाही?

भर मे महिन्यात वरूड-मोर्शीकडच्या संत्र्याच्या बागेत सबमर्सिबल जळाली की घरादाराची झोप उडते. बोअरमधून पाइप उपसायचे, मोटर काढायची, गाडीवर टाकून वाइंडिंगच्या दुकानात न्यायची. दुकानदार जळकी तार उपटून काढतो, तांब्याची नवी तार भरतो, मोटर परत देतो. पाणी सुरू झालं की जो तो आपल्या कामाला लागतो. त्या दुकानाबद्दल गूगल मॅपवर चार शब्द लिहावेत, हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. विचारलंच तर उत्तर येतं, "काहून लिहू बाप्पा? त्याचं कामच हाय ते!"

हा कृतघ्नपणा नव्हे. अपेक्षेप्रमाणे झालेलं काम माणसाला बोलतं करत नाही. अपेक्षाभंग मात्र करतो. रॉय बाउमायस्टर आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये मानसशास्त्रातल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा जवळपास सगळीकडे तेच दिसलं: वाईट अनुभवाचा ठसा तेवढ्याच चांगल्या अनुभवापेक्षा खोल उमटतो. पुढे 2009 मध्ये हू, झँग आणि पावलू यांनी ॲमेझॉनवरचे तारे मोजले. पाच ताऱ्यांचा ढीग मोठा, एक ताऱ्याचा त्याहून लहान, आणि मधले तारे अगदी थोडे. म्हणजे फार खूश झालेले लिहितात, फार चिडलेले लिहितात; "ठीक झालं काम" म्हणणारे गप्प बसतात. मोटर वाइंडिंगसारख्या धंद्यात गिऱ्हाइकं बहुतेक याच गप्प बसणाऱ्यांतली.

याचा परिणाम किती होतो, ते एका काल्पनिक हिशोबाने पाहू. समजा, शंभर गिऱ्हाइकांपैकी 90 समाधानी, 10 नाराज. सगळ्यांनी लिहिलं, समाधानींनी पाच आणि नाराजांनी एक तारा दिला, तर सरासरी 4.6. पण समाधानींपैकी तिसातला एकच लिहितो आणि नाराजांपैकी दहातले तीन, असं धरा. पानावर तीन पाच-तारे आणि तीन एक-तारे. सरासरी 3! दुकान तेच, कारागीर तोच. आता दुकानदार प्रत्येकाला विचारू लागला, त्यामुळे 18 समाधानी आणि 4 नाराज लिहिते झाले, तर सरासरी 4.27 वर जाते. नाराजांचं तोंड बंद करावं लागलं नाही, फक्त नमुना कमी एकांगी झाला.

गावात तोंडोतोंडी नाव असतंच, मग याची गरज काय? गरज अनोळखी माणसाला आहे. बापाची मोटर जळाली म्हणून पुण्यात बसून फोनवर दुकान शोधणारा मुलगा कोणाला विचारणार? तेव्हा हार्वर्डमध्ये असलेल्या मायकल लूका यांना अमेरिकेतल्या सिएटलच्या उपाहारगृहांमध्ये असं आढळलं, की येल्प या अभिप्रायांच्या साइटवर एक तारा वाढला की उत्पन्न 5 ते 9 टक्के वाढतं. आणि हा फायदा स्वतंत्र हॉटेलांनाच, साखळीतल्यांना नाही. साखळीचं नाव लोकांना आधीच ठाऊक असतं.

कधी विचारावं, याचा धागा 1993 च्या एका प्रयोगात सापडतो. डॅनियल कानेमान आणि सहकाऱ्यांनी लोकांना 14 अंशाच्या गार पाण्यात 60 सेकंद हात बुडवायला सांगितलं. दुसऱ्या फेरीत तेच 60 सेकंद, वर आणखी 30, पण त्या 30 सेकंदांत पाण्याचं तापमान हळूहळू 15 अंशापर्यंत वाढवलं, म्हणजे गारठा जरासा कमी केला. यातली कोणती फेरी पुन्हा कराल, असं विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेली फेरी निवडली. आठवण शेवटावर तोलली जाते! म्हणून पैसे घेताना विचारू नये, तेव्हा बिल डोळ्यासमोर असतं. संध्याकाळी फोन करावा: "भाऊ, पाणी सुरू झालं का?" होकार आला की त्याच क्षणी व्हॉट्सॲपवर अभिप्राय लिहायची लिंक टाकावी. टाइप करायचा कंटाळा असला तर कीबोर्डवरच्या माइकचं बटण दाबून मराठीत बोलता येतं. "साडेसात एचपीची मोटर, दुसऱ्या दिवशी मिळाली" एवढं वाक्य नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा शोधणाऱ्याच्या जास्त कामाचं.

पहिले अभिप्राय खरे असणंही महत्त्वाचं. मुचनिक, अराल आणि टेलर यांनी 2013 मध्ये एका बातम्यांच्या साइटवरच्या टिप्पण्यांना मुद्दाम एक खोटं अनुकूल मत दिलं. त्यांचं अंतिम गुणांकन सरासरी 25 टक्के फुगलं. खोटं प्रतिकूल मत मात्र लोकांनी भरून काढलं. मग भाच्या-पुतण्यांकडून चार-पाच लिहून घ्यावं, असा मोह होतोच. पण गूगलच्या नियमांत खोटे, सूट किंवा भेट देऊन मिळवलेले आणि फक्त खूश गिऱ्हाइकांकडून मागवलेले अभिप्राय बसत नाहीत. विचारायचं तर सगळ्यांना.

सगळ्यांना विचारलं की एखादा "पुन्हा जळाली, पैसे बुडाले" असंही लिहितोच. मोटर पुन्हा जळण्याचं कारण दरवेळी वाइंडिंगच असतं असं नाही. व्होल्टेज कमी पडलं तर तेवढंच पाणी उचलायला मोटर जास्त करंट ओढते, तार तापते. तीनपैकी एक फेज गेला तरी तसंच. पण हे उत्तरात लांबलचक समजावत बसू नये, वाचणाऱ्याला ती सबब वाटते. "दादा, मोटर घेऊन या, तुमच्यासमोर उघडून पाहू. वाइंडिंगची चूक निघाली तर पैसे घेणार नाही," एवढं पुरे, आणि तो आला की खरंच उघडून दाखवावी.