प्रत्येक वाफ्याचे धान्य वेगळे : प्रायोगिक कापणीयंत्रांची पार्श्वभूमी

गव्हाच्या वाणांची तुलना करणाऱ्या चाचणीतला वाफा, म्हणजे एका वाणासाठी आखलेला शेताचा छोटा तुकडा, सुमारे सव्वा मीटर रुंद आणि पाच मीटर लांब धरला आणि हेक्टरी ५० क्विंटल उतारा गृहीत धरला, तर त्या वाफ्यातून जेमतेम तीन किलो धान्य हाती येते. त्यातले शंभर ग्रॅम यंत्रात कुठेतरी अडकून राहिले, तर त्या वाणाचे उत्पादन हेक्टरी दीड क्विंटलहून अधिक घटलेले दिसते. तेच दाणे पुढच्या वाफ्याच्या पिशवीत उतरले, तर शेजारच्या वाणाचे वजन फुगते आणि त्याचे बियाणेही भेसळीचे होते. नेहमीच्या शेतातल्या हार्वेस्टरकडून अपेक्षा असते ती वेगाची. संशोधनाच्या शेतातल्या यंत्राकडून पहिली अपेक्षा असते ती प्रत्येक वाफ्यानंतर पूर्ण रिकामे होण्याची, आणि या यंत्रांचा सारा इतिहास याच एका अटीभोवती घडलेला आहे.

ही अट इतकी कडक झाली त्याचे मूळ वाणांच्या पैदाशीत आणि संख्याशास्त्रात आहे. स्वीडनमधील स्वालोफ येथे १८८६ पासून वाण सुधारण्याचे संघटित काम सुरू झाले आणि १९०३ मध्ये डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सेन यांनी शुद्ध वंशाची, म्हणजे एकाच स्वपरागित झाडापासून आलेल्या एकसारख्या संततीची, कल्पना मांडली. त्यामुळे एकेका झाडाची संतती वेगळी पेरणे आणि वेगळी कापणे ही पैदासकाराची, म्हणजे नवे वाण तयार करणाऱ्या संशोधकाची, रोजची गरज बनली. पुढे १९१९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात दाखल झाले आणि तिथल्या कामातून यादृच्छिक मांडणी (कोणता वाण कोणत्या वाफ्यात हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणे) व पुनरावृत्ती (प्रत्येक वाण अनेक वाफ्यांत पेरणे) हे क्षेत्रीय प्रयोगांचे पायाभूत नियम रूढ झाले. चाळीस वाणांच्या चार पुनरावृत्ती म्हटल्या की एकशे साठ वाफे झाले. पीक मात्र सगळे एकदमच पिकते, आणि कापणी लांबली की ओंब्या गळतात, पक्षी दाणे टिपतात, अवकाळी पाऊस येतो.

हाताने केलेल्या कापणीत चूक शिरायला वाटा पुष्कळ होत्या. आधी मोकळी जागा मिळून जोमाने वाढणाऱ्या कडेच्या ओळी काढून टाकायच्या, मग उरलेला निव्वळ वाफा विळ्याने कापायचा, पेंढ्या बांधून चिठ्ठी लावायची, खळ्यावर वाळवायच्या, झोडपायच्या, उफणायच्या आणि शेवटी तोलायच्या. कडेच्या ओळींचे महत्त्व भारतात एका वेगळ्या कामातूनही पुढे आले. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीककापणी सर्वेक्षणांच्या (शेतातला नमुन्याचा तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज घेण्याच्या) आधारे दाखवून दिले की कापणीचा तुकडा फार लहान असेल, तर सीमेवरची झाडे आत धरली जाऊन उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. ते सर्वेक्षणांसंबंधी बोलत होते, पण लहान वाफ्यांवर काम करणाऱ्या प्रत्येक पैदासकाराला हा इशारा लागू पडतो.

यंत्राकडे वळण्याच्या वाटेवर ऑर्व्हिल व्होगेल यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. अमेरिकेच्या कृषी खात्याचे हे गहू पैदासकार १९३१ पासून वॉशिंग्टन राज्यातील पुलमन येथे होते. जपानच्या नोरिन १० या बुटक्या गव्हाचा संकर करून त्यांनी १९६१ मध्ये गेन्स हे वाण दिले आणि त्यांच्याच संकराचे बियाणे मेक्सिकोत हरितक्रांतीचे जनक मानले जाणारे नॉर्मन बोरलॉग यांच्याकडे गेले, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र प्रायोगिक वाफ्यांसाठी पेरणीची आणि मळणीची यंत्रेही त्यांनी घडवली आणि त्यांच्या नावाचे छोटे मळणीयंत्र अनेक संशोधन केंद्रांवर पोहोचले, ही गोष्ट मागे पडते. हजारो ओळींतून निवड करायची असेल, तर ती ज्या अवजारांनी शक्य होते तीही पैदासीच्या कामाचाच भाग असतात, हे त्यांनी ओळखले होते.

उभे पीक कापून जागीच मळणारे छोटे हार्वेस्टर दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात आकाराला आले. ऑस्ट्रियातील रीड येथे १९५३ मध्ये स्थापन झालेली विंटरस्टायगर, पुढे तिच्यातच विलीन झालेली जर्मनीची हेगे आणि अमेरिकेच्या आयोवा राज्यातील आल्माको ही त्यातली ठळक नावे. नॉर्वेचे एगिल ओयॉर्ड यांच्या पुढाकाराने १९६४ मध्ये क्षेत्रीय प्रयोगांच्या यांत्रिकीकरणासाठी आंतरराष्ट्रीय संघटनाही उभी राहिली. या यंत्रांच्या रचनेत मोठ्या हार्वेस्टरमधले, दाणे साठून राहतील असे कोपरे आणि धान्य पुढे ढकलणारे फिरकीचे दांडे शक्य तितके टाळलेले असतात. दाणे पट्ट्यावरून किंवा हवेच्या झोताने पुढे जातात, वाफा संपला की यंत्र काही सेकंद थांबून आतला शेवटचा दाणा बाहेर टाकते, आणि मागे बसलेला मदतनीस पिशवी बदलून वाफ्याच्या क्रमांकाची चिठ्ठी आत टाकतो.

पुढे यंत्रावरच वजन आणि ओलावा मोजण्याची सोय आली, तेव्हा पिशव्यांची गरज बरीच कमी झाली. हा बदल वाटतो तितका सोपा नव्हता, कारण धडधडणाऱ्या आणि उताराच्या शेतात कलणाऱ्या यंत्रावर तीन किलो धान्य अचूक तोलणे अवघड असते. त्यासाठी कंपन आणि कल यांची भरपाई करणारी वजनव्यवस्था बसवावी लागली. ओलावा त्याच वेळी मोजला गेल्याने सर्व वाणांचे उत्पादन एकाच ओलाव्यावर आणून तुलना करता येऊ लागली. मक्याच्या अंतिम चाचण्यांत बियाणे जपायचे नसल्याने, वजन झाले की धान्य सरळ टाकीत जाते.

भारतात १९५७ मध्ये मक्यापासून अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांची, म्हणजे देशभरच्या केंद्रांनी एकत्र संशोधन करण्याची, पद्धत सुरू झाली आणि एकच चाचणी अनेक ठिकाणी घेण्याचा प्रघात पडला. अशा वेळी प्रत्येक केंद्रावरची कापणी सारखी असणे अगत्याचे ठरते. तरीही पैदाशीच्या सुरुवातीच्या पिढ्यांमध्ये, जिथे एकेक झाड किंवा एकेक ओंबी निवडायची असते, तिथे मोठ्या यंत्राला काम नसते. ती ओंबी हातानेच खुडली जाते आणि एका ओंबीपुरत्या लहानशा मळणीयंत्रातून काढून कागदी पाकिटात भरली जाते.