ड्रममध्ये ठणठणीत, नदीत गळपटलेली

मे महिना संपत आला होता. नांदेडजवळ विष्णुपुरी धरणाच्या फुगवट्यात बचाव पथकाच्या बोटीची पावसाळ्याआधीची चाचणी होती. बोटीच्या मागे लावायची मोटार जुनी, 15 अश्वशक्तीची, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक. आदल्या दिवशी तिचा पंखा पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ती अर्धा तास चालवली, तेव्हा जराही कुरकुरली नव्हती. नदीत मात्र पूर्ण थ्रॉटल दिल्यावर बोट झेपावली आणि थोड्याच वेळात इंजिनाने मान टाकली. थ्रॉटल कमी केला की पुन्हा सुरळीत.

"सर, ड्रममधी तर मस्त चालायलीय. इथं आलं की काय होतंय हिला?" सुकाणूच्या दांड्यावर बसलेल्या पोराने विचारलं.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर पंख्याच्या गणितात आहे. पाण्यात पंखा फिरवायला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. मिनिटाला 5000 फेऱ्यांना 15 अश्वशक्ती लागत असेल, तर 2500 फेऱ्यांना तिच्या आठव्या हिश्श्याच्या आसपास, म्हणजे जेमतेम दोन अश्वशक्ती पुरतात. ड्रममध्ये मोटार हळूच चालवावी लागते, नाहीतर पाणीच बाहेर उडतं. म्हणून तिथे फक्त मोटार सुरू होते का आणि थंड करणाऱ्या पाण्याची धार पडते का, एवढंच कळतं. ओझं ओढायची ताकद तिथे कळत नाही. पुरात छपरावर बसलेल्या माणसांपर्यंत पोचायचं तर प्रवाहाविरुद्ध पूर्ण ताकदच लागते, त्यामुळे ड्रममधल्या चाचणीवर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

"कार्बोरेटर खोलू का?" हा पुढचा प्रश्न. जुनी मोटार रुसली की सगळे आधी पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या त्या भागालाच पाना लावतात. मी म्हटलं, "थांब, आधी वेळ मोजू." तीनदा मोजली. तिन्ही वेळा पंचवीस ते तीस सेकंदांत दम गेला.

अशी मोटार पूर्ण वेगात तासाला सहा लिटरच्या आसपास पेट्रोल पिते, म्हणजे मिनिटाला 100 मिलिलिटर. कार्बोरेटरच्या वाटीत मावतात काही चमचेच. साठा असतो तोवर बोट पळते; मागून पुरेसं पेट्रोल आलं नाही तर वाटी उतरते आणि इंजिन उपाशी राहतं. मंद चालीत तीच वाटी हळूहळू पुन्हा भरते. दर वेळी जवळपास तेवढ्याच सेकंदांनी ताकद जात असेल, तर संशय आधी पुरवठ्यावर घ्यावा.

मग टाकी आणि मोटार यांच्यामधल्या नळीवरचा, हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी फुगा पाहिला. तो चपटा झाला होता, आतून ओढून घेतल्यासारखा. दाबल्यावर इंजिन सावरलं असतं तर मोटारीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाचा पडदा थकला असेल किंवा नळीत कुठूनतरी हवा शिरत असेल, असं म्हणता आलं असतं. चपट्या फुग्याचा अर्थ वेगळा: पंप ओढतोय, पण टाकीच्या बाजूने काही येत नाही. झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडाच होता. तो बंद राहिला तरी टाकीत निर्वात होऊन नेमकं हेच घडतं. टाकीतली जाळीही स्वच्छ. उरली नळी. बाहेरून ती धडधाकट दिसत होती. ब्लेडने उभी चिरली, तर आतलं अस्तर कांद्याच्या पापुद्र्यासारखं सुटून लोंबत होतं. ओढ कमी असताना पेट्रोल त्याच्या कडेने जायचं, ओढ वाढली की पापुद्रा भोकावर चिकटायचा.

रबराचं वय होतंच, शिवाय पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला सोसत नाही. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि ओल फार झाली की पाणी-इथेनॉलचा थर टाकीच्या तळाशी बसतो. बचावाची बोट वर्षातले आठ-नऊ महिने उभीच असते. पावसाळा सरला की टाकी आणि कार्बोरेटरची वाटी रिकामी केलीच पाहिजे. राहिलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरमधल्या जेटचं, म्हणजे पेट्रोलच्या तोटीचं, बारीक भोक बुजवतो.

उपाशी टू-स्ट्रोक तशीच रेटणं त्याहून वाईट. तिचं वंगण पेट्रोलमधूनच येतं. पेट्रोल तुटलं की ऑइलही तुटतं, आणि पिस्टन सिलिंडरला घासून जाम होतो.

पुरवठा ठीक निघाला असता तर पुढे दोन्ही प्लग आणि त्यांची ठिणगी बघितली असती, कारण एक सिलिंडर मेला तरी मोटार चालू राहते, फक्त ओढत नाही. मग दोन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनने दाबल्यावर आत होणारा दाब; त्यात दहा टक्क्यांहून जास्त तफावत नको. इंजिन किंचाळतं पण बोट सरकत नाही, असं असेल तर पंख्यात अडकलेली जलपर्णी काढावी. तरीही तेच, तर पंख्याच्या आतलं, त्याला दांड्याशी धरून ठेवणारं रबरी बूश सरकत असेल. आतल्या आणि बाहेरच्या भागावर मिळून खडूची एक सरळ रेघ ओढावी. फेरी मारून आल्यावर रेघ तुटलेली दिसली की बूश गेलं.

नवी नळी बसवली, फुगा घट्ट होईपर्यंत दाबला आणि पुन्हा पाण्यात गेलो. तीस सेकंद गेले, मिनिट गेलं. पाचव्या मिनिटाला मी घड्याळावरून नजर काढली, तेव्हा पोराने मान वळवून विचारलं, "सर, पल्याडच्या काठाला लावू का?"